फोन तोच, जागा तीच, मग व्हिडिओ दर वेळी वेगळा का?

गणपतीच्या पहिल्या दिवशी आरतीचा व्हिडिओ झकास येतो. दुसऱ्या दिवशी तोच फोन, तेच मखर, वर तीच फळं-पानांनी सजवलेली माटवी, उभं राहायची जागासुद्धा तीच. आणि व्हिडिओत बाप्पा पिवळाधमक, मागची भिंत हिरवट, वर अंगावरून सरकत जाणारे काळे पट्टे. "फोन बिघाडलो काय रे?" हा प्रश्न मग घरोघर. शिमग्याला पालखी नाचते तेव्हा तेच, जत्रेत दशावताराच्या नाटकाला तेच, मे महिन्यात चाकरमानी किनाऱ्यावर उतरले की तेच. कुडाळला माझ्याकडे एडिटिंगसाठी ज्या क्लिपा येतात त्यांत नवी तक्रार क्वचितच सापडते. त्याच पाच-सहा फिरून फिरून येतात.

फोन बहुतेक वेळा ठणठणीत असतो. घोळ असा की रेकॉर्डिंग चालू असताना तो सतत मत बदलत राहतो. उजेड किती घ्यायचा, पांढरा कशाला म्हणायचं, फोकस कोणावर, सेकंदाला किती फ्रेम, मागच्या दोन-तीन भिंगांपैकी कुठलं वापरायचं, हे सगळं तो क्षणोक्षणी नव्याने ठरवतो. फोटोला हे चालतं, तिथे एकाच क्षणाचा प्रश्न असतो. व्हिडिओत तो प्रत्येक बदल पडद्यावर दिसतो. म्हणून 'फोर-के ठेवू की टेन-एटी', म्हणजे चित्र किती बारकाईचं घ्यायचं, हा सगळ्यांचा लाडका प्रश्न मी मागे ढकलतो. आधी फोनचं हे मध्येच मत बदलणं थांबवायचं.

त्याहीआधी बिघाड कुठला ते ओळखा. खराब क्लिप व्हॉट्सअ‍ॅपमध्ये बघू नका, फोनच्या गॅलरीत मूळ फाइल उघडा. क्लिप बरी सुरू होऊन मध्येच रंग, उजेड किंवा फोकस हलत असेल तर तो ऑटोचा, म्हणजे फोनने आपोआप ठरवण्याचा, उद्योग. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारखीच वाईट असेल तर भिंग, उजेडाची दिशा नाहीतर शटर (एका फ्रेमसाठी सेन्सर किती वेळ उजेड घेतो ते) यांच्याकडे बघा. आणि गॅलरीत सुंदर, पण पाठवल्यावर किंवा कॉम्प्युटरवर टाकल्यावर बिघडली असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगला हात लावून उपयोग नाही. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

दिव्यांखाली सरकणारे पट्टे

ही सगळ्यांत जास्त येणारी तक्रार आणि सगळ्यांत जास्त गैरसमज हिच्याचबद्दल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरचे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र अख्खी फ्रेम एका झटक्यात टिपत नाही, वरून खाली ओळीमागून ओळ वाचत जातो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक ओळीला दिव्याचे पूर्ण ठोके मिळतात आणि उजेड सगळीकडे सारखा पडतो. शटर १/६०, १/१२०, १/२५० असं कुठेतरी गेलं की काही ओळींच्या वाट्याला उजळ वेळ येते, काहींच्या वाट्याला मंद. तेच हे पट्टे.

मग पहिल्या दिवशी का नव्हते? उत्तर बहुतेक वेळा मखरातच सापडतं. रात्री कोणीतरी हौसेने आणखी एक एलईडी पट्टी चिकटवलेली असते, किंवा बाजूला फोकसचा मोठा दिवा आणून ठेवलेला असतो. उजेड वाढला म्हणून फोनने शटर वेगवान केलं आणि कालचं १/५० आज भलतीकडेच गेलं. जुन्या पिवळ्या बल्बखाली हा त्रास फारसा नसायचा, कारण तापलेली तार सेकंदाच्या शंभराव्या भागात थंड होत नाही. स्वस्त एलईडी मात्र विजेच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उघडमीट करतो.

उपाय एकच, शटर १/५० वर बांधून ठेवणं. सॅमसंगच्या वरच्या फोनांत कॅमेऱ्याच्या 'मोर'मध्ये 'प्रो व्हिडिओ' आहे, तिथे 'स्पीड' म्हणजे शटर. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटरचा आकडा हाताने देता येत नाही. त्यासाठी 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हे फुकट अ‍ॅप घ्या. ते आयफोनसाठी २०२३ मध्ये आलं, निवडक अँड्रॉइड फोनांसाठी २०२४ मध्ये. त्यात शटर, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते), व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला म्हणायचं ते), फोकस सगळं समोर दिसतं आणि एकेक करून कुलूपबंद करता येतं. बाकीच्या अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' वापरून बघा, पण फोनने परवानगी दिली तरच त्यात शटरचा ताबा मिळतो. शाओमीच्या काही फोनांत कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'अँटी-बँडिंग' असतं, तिथे ५० हर्ट्झ निवडा. चुकून ६० वर असेल तर घरातल्या बऱ्याचशा ट्यूबलाइटखाली पट्टे ठरलेले.

फ्रेमचं म्हणाल तर फोन बाय डिफॉल्ट ३० वर येतात. ५० हर्ट्झच्या देशाला २५ जास्त सोयीच्या. आयफोनवर सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ या वाटेने जाऊन 'शो पाल फॉरमॅट्स' चालू केलं की २५ चा पर्याय दिसायला लागतो. पण शटर १/५० वर पक्कं असेल तर ३० फ्रेमवरसुद्धा पट्टे जातात, त्यामुळे फोनमध्ये २५ नाही म्हणून हळहळू नका.

आणि ज्या फोनात यातलं काहीच नाही? तिथे फोन सोडून दिव्यांकडे वळायचं. कॅमेरा चालू करून स्क्रीनकडे बघत एकेक माळ बंद करत जा. बहुतेक घरांत एखादीच पट्टी दोषी निघते. ती आरतीपुरती विझवली की झालं. दिव्याचा उजेड कमी-जास्त करायचा रिमोट असेल तर तो पूर्ण उजेडावर ठेवा. मंद केलेला एलईडी आत वेगळ्याच वेगाने उघडमीट करत असतो, तिथे १/५० सुद्धा कामाला येईलच असं नाही.

जत्रेत एक वेगळी गंमत असते. दिवे जनरेटरवर असले की ५० हर्ट्झ हे इंजिनाच्या वेगावर अवलंबून. वेग थोडा इकडेतिकडे झाला की १/५० ठेवूनही पट्टे हळूहळू रांगताना दिसतात. ब्लॅकमॅजिकसारख्या अ‍ॅपमध्ये शटर १/४८, १/५२ असं किंचित खालीवर करून बघा, कुठेतरी पट्टे थांबतात. आणि तासाभराने पुन्हा बघा, कारण जनरेटरवरचा भार बदलला की सगळं पुन्हा सरकलेलं असतं.

पात्र पुढे आलं की तोंड पांढरंफटक

दशावतार हा फोनच्या ऑटोचा खरा कस. देवळाचा सभामंडप, त्यात एक बाकडं, वरून प्रखर दिवे आणि मागे काळोख. फ्रेमचा मोठा भाग काळा दिसतो म्हणून फोनला वाटतं की उजेड कमी आहे. तो उजेड वाढवतो आणि आधीच रंग लावलेला चेहरा कागदासारखा पांढरा होतो. भुवया, कपाळावरचा टिळा, मुकुटाची कलाकुसर सगळं पुसलं जातं. मग पात्र जवळ येतं, चेहऱ्याने अर्धी फ्रेम भरते, फोन दचकून उजेड कमी करतो आणि पायपेटीवाले, मृदंगवाले अंधारात गडप. पात्र मागे सरकलं की पुन्हा उलट. एका आख्यानात हे किती वेळा होत असेल ते मोजायला जाऊ नका.

पात्र उजेडात उभं असताना स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट दोन-तीन सेकंद दाबून धरा. आयफोनवर पिवळ्या पट्टीत 'एई/एएफ लॉक' (उजेड आणि फोकसचं कुलूप) असं येतं, अँड्रॉइडवर बहुधा कुलपाचं चित्र. मग शेजारच्या सूर्याच्या खुणेवरून बोट खाली ओढा आणि चेहऱ्यावरचा रंग, रेघा नीट दिसेपर्यंत उजेड उतरवा. स्क्रीनवर जरा काळपट वाटलं तरी चालेल. काळोखातला तपशील एडिटिंगमध्ये थोडाफार वर काढता येतो, पांढरा पडलेला चेहरा कोणीही परत आणू शकत नाही. माझ्याकडे येणारे लोक नेमका हाच चमत्कार मागतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

या कुलपाने फोकसही अडकतो, आणि तेही बरंच. आरतीत धुपाचा धूर मध्ये आला किंवा समोरून कोणी टाळ वाजवत गेलं की फोन फोकस शोधत मागेपुढे करतो आणि मूर्ती श्वास घेतल्यासारखी हलते. फोकस बांधलेला असेल तर धूर येतो आणि जातो, मूर्ती जागेवर. फक्त तुम्ही स्वतः चार पावलं पुढे गेलात तर कुलूप काढून पुन्हा लावायचं, हे विसरू नका.

रंगाचं कुलूप वेगळं असतं. बोट दाबून धरल्याने व्हाइट बॅलन्स थांबेलच असं नाही. नव्या आयफोनांत रेकॉर्ड व्हिडिओच्या पानावर 'लॉक व्हाइट बॅलन्स' आहे. ते चालू केलं की रेकॉर्डिंग सुरू करतानाचा रंग शेवटपर्यंत टिकतो. प्रो मोडमध्ये केल्व्हिनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाच्या मापाचा, आकडा हाताने देता येतो: उन्हात ५५०० च्या आसपास, ढगाळ दिवसाला ६५०० च्या जवळ, पिवळ्या बल्बखाली २७०० ते ३०००. निरांजनाच्या उजेडात मी मुद्दाम ३२०० च्या वर राहतो, कारण पूर्ण 'बरोबर' केलं तर ज्योतीचा सोनेरीपणा जातो आणि आरती दवाखान्यात चालल्यासारखी दिसते. रंगमंचावर लाल-निळे पार लाइट फिरत असतील तर ५००० वर ठेवून द्या. लाल लाल दिसू दे, निळा निळा. ऑटो त्या प्रत्येक रंगाला पांढरा करण्याच्या खटपटीत असतो.

हाच प्रकार दिवसाही होतो. चिऱ्याच्या लाल भिंतीवरून कॅमेरा फिरवत हिरव्या माडांवर आणि तिथून समुद्रावर नेलात की एका शॉटमध्ये तीन वेगळे दिवस असल्यासारखे रंग बदलतात. सूर्यास्ताला तर ऑटो चक्क केशरी रंग धुऊन काढतो. ५५०० वर कुलूप लावा, उजेड थोडा उतरवा.

लांबलचक आख्यान सलग घ्यायचं असेल तर तिपाई हवीच. तिपाईवर असताना 'सुपर स्टेडी' किंवा तसलं जादा स्थिरीकरण बंद ठेवा. बऱ्याच फोनांत ते अल्ट्रावाइड भिंग वापरतं, त्या भिंगाचा सेन्सर लहान, आणि रात्री चित्रात मुंग्या येतात. दुरून झूमही नको. मुख्य भिंगाचा १एक्स ठेवा आणि स्वतः पुढे जाऊन बसा. लाउडस्पीकरच्या तोंडाशी मात्र बसू नका. फाटलेला आवाज सुधारता येत नाही.

मध्येच चित्र किंचित उडी मारून फ्रेम बदलते, रंगही जरा वेगळा होतो, तर ते भिंग बदलल्याचं लक्षण. काळोखात फोन दूरचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो भिंगावरून मुख्य भिंगावर येतो, मोदकाच्या अगदी जवळ नेला तर मॅक्रोवर जातो. आयफोनवर 'लॉक कॅमेरा' चालू करा, ही उडी थांबते.

समुद्र छान, माणसं काळी

यात सेटिंग कमी आणि घड्याळ जास्त. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य सह्याद्रीकडून, म्हणजे तुमच्या पाठीमागून येतो, त्यामुळे समुद्राकडे तोंड करून घेतलेला व्हिडिओ आपोआप उजळ, निळा येतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाचे चांगले व्हिडिओ सकाळचे असतात त्यात हेही कारण आहे. दुपारी तीननंतर सगळं उलटं. सूर्य समुद्रावर उतरलेला, पाणी चांदीसारखं चमकणारं, आणि त्याच्यापुढे उभा असलेला माणूस कोळसा. तोंडावर उजेड लॉक करा म्हणावं तर आकाश पांढरं होतं. तेव्हा संध्याकाळी बोलणारा माणूस घ्यायचा असेल तर त्याला समुद्राकडे तोंड करून उभा करा, तुम्ही पाण्याकडे पाठ करा. मागे माड आणि घरं येतील, समुद्र येणार नाही. समुद्रही हवाच असेल तर माणसाला काळी आकृती म्हणूनच घ्या, तीही वाईट दिसत नाही.

पडवीत आजीची मुलाखत घेताना हीच अडचण लहान प्रमाणात येते. मागे उन्हात तापलेलं खळं, म्हणजे अंगण, असतं आणि आजीचा चेहरा दिसत नाही. खुर्ची फिरवा. आजीचं तोंड खळ्याकडे, तुमची पाठ खळ्याकडे, आणि मागे माजघराचा अंधार. जगातला कुठलाही दिवा यापेक्षा छान उजेड देत नाही. खळ्यातला तो सपाट, मऊ उजेड फुकट मिळतो.

पाऊस पडतोय पण व्हिडिओत दिसत नाही

ही तक्रार जूनमध्ये सुरू होते. मुसळधार कोसळतोय, आवाज येतोय, आणि चित्रात नुसती करडी संध्याकाळ. कारणं दोन. एक, मागे पांढरं आकाश. पांढऱ्यावर पांढरे थेंब दिसणार कसे? मागे काहीतरी काळपट घ्या: पोफळीची बाग, जुन्या घराचं उघडं दार, ओली काळवंडलेली चिऱ्याची भिंत. दोन, शटर. उजेड बरा असेल तर फोन शटर १/५०० च्या वर नेतो आणि प्रत्येक थेंब हवेत ठिपक्यासारखा गोठतो. ठिपके डोळ्यात भरत नाहीत. शटर १/५० केलं की थेंबाची रेघ होते आणि पाऊस कोसळताना दिसतो.

कौलांच्या पागोळ्यांवर हे पडताळून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पडवीच्या कडेला फोन धरा, मागे अंगणातल्या झाडांचा गडद हिरवा येऊ द्या आणि फोकस पागोळीवर बांधा. शटर १/१००० वर असताना पाणी सुट्या मण्यांसारखं तुटक पडतं, खाली येईपर्यंत प्रत्येक मण्याचा आकारही दिसतो. तेच १/५० ला पागोळीची अखंड दोरी होते आणि ती वाऱ्याने एका बाजूला कलली की तेवढी कललेली दिसते. दोन्ही सुंदर. पाऊस वाटायला हवा असेल तर दुसरी.

लाटांचंही असंच. भर दुपारी किनाऱ्यावर घेतलेल्या व्हिडिओत लाटा अडखळत, तुकड्यातुकड्याने येतात आणि चालणारी माणसं ठकठक चालतात. बहुतेक फोनांच्या भिंगाचं छिद्र लहान-मोठं होत नाही. उजेड आवरायला त्याच्याकडे आयएसओ आणि शटर एवढंच असतं. एफ/१.८ छिद्राचं भिंग लख्ख उन्हात सहज १/४००० च्या आसपास जातं. फिल्मवाल्यांचा जुना ठोकताळा आहे: शटर फ्रेमच्या दुप्पट, म्हणजे २५ ला १/५०. १/४००० वरून १/५० वर यायचं तर सहा स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा) उजेड अडवावा लागतो, म्हणजे एनडी६४ फिल्टर. कॅमेऱ्याचा गॉगलच म्हणा. संध्याकाळी एनडी८ पुरतो. लग्नाची, रिसॉर्टची कामं घेत असाल तर चिमट्याने बसणारा फिल्टर घ्या. घरगुती व्हिडिओसाठी पैसे घालू नका. सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर जा, अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

पावसात स्क्रीनवर थेंब पडले की फोन त्यांनाच बोट समजतो आणि रेकॉर्डिंग आपसूक बंद पडतं. चालू-बंद आवाजाच्या बटणाने करा. 'आयपी६८ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) आहे' म्हणून समुद्रात उतरवू नका, ती चाचणी गोड्या पाण्याची असते.

सगळंच धुकट, दिव्यांना वलयं

सेटिंग शोधण्याआधी भिंग पुसा. हसू नका, याच एका कारणाने आलेले फोन मी सेटिंगला हातही न लावता परत दिले आहेत. बोटाचं तेल लागलं की रात्रीचा प्रत्येक दिवा लांबट फांद्या फोडतो. किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट बसते, खाऱ्या तुषारांचा थर. तो कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण काचेवरच्या लेपाला चरे पाडतात. सुती कापडाचा कोपरा साध्या पाण्यात ओला करून, पिळून, आधी हलक्या हाताने टिपून घ्या, मग कोरडं फिरवा.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या घेतलेले पहिले शॉट दुधाळ येतात, तेही याच घरातलं. थंड काचेवर दमट हवेचं पाणी धरतं. पुसलं तरी पुन्हा येतं. दहा-पंधरा मिनिटं फोनला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या, किंवा पोचायच्या थोडं आधी एसी बंद करून काचा खाली करा.

होडीत जेलीसारखं हलतं

सिंधुदुर्ग किल्ल्याकडे नेणाऱ्या होडीच्या काठावर फोन टेकवून घेतलेला व्हिडिओ लिबलिबतो. सेन्सर ओळीओळीने वाचतो हे वर आलंच आहे. वाचत असताना इंजिनाचा थरथराट पोचला की सरळ डोलकाठी नागमोडी होते. फोन लाकडाला टेकवू नका, कोपर अंगाशी धरून हातातच ठेवा. शरीर तो थरथराट गिळतं. उन्हात स्थिरीकरण चालू ठेवा. अंधार पडल्यावर तेच स्थिरीकरण फसतं, कारण शटर मंद झाल्यावर फ्रेम जागेवर राहते आणि दिवे मात्र फुगून थरथरतात.

दुचाकीच्या हँडलला फोन लावून आंबोली घाटाचा व्हिडिओ घ्यायची टूम आहे. मोठ्या इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण आणि फोकस बिघडू शकतं, असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. त्यानंतर साध्या खोलीतला व्हिडिओही थरथरत असेल तर कुठलंच सेटिंग कामाला येणार नाही. दुरुस्तीचं दुकान गाठा.

तापून बंद पडतो

मे महिना, पुळणीवरचं ऊन, फोर-के, ६० फ्रेम, स्क्रीनचा उजेड पूर्ण. फोन बंद पडणारच. अ‍ॅपल आयफोन वापरायला ० ते ३५ अंश सांगतं आणि आपल्याकडे सावलीतच पारा पस्तिशीच्या आसपास असतो. कव्हर काढा, टेन-एटी वर या, शॉटमध्ये थांबा, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत घालू नका, आत पाणी धरेल.

आता तो फोर-केचा प्रश्न. आयफोनच्याच हिशेबाने एका मिनिटाला टेन-एटी ३० फ्रेमवर साधारण ६० एमबी, फोर-के ३० वर १७०, फोर-के ६० वर ४०० एमबी. पाच तासांचं दशावतार टेन-एटीमध्ये १८ जीबीत बसतं, फोर-के ६० मध्ये १२० जीबी खातं. मोबाइलवर बघायचं असेल, नातेवाइकांना पाठवायचं असेल, तर टेन-एटी, २५ किंवा ३०, पुरे. फोर-के ३० तेव्हा, जेव्हा नंतर फ्रेम कापून जवळ जायचं असेल. ६० फक्त लाटा किंवा नाच संथ करून दाखवायला. रात्री ६० नकोच, प्रत्येक फ्रेमला पुरेसा उजेड मिळत नाही.

इथे बघताना छान, पाठवल्यावर खराब

व्हॉट्सअ‍ॅप साध्या मार्गाने व्हिडिओ पिळून पाठवतं. पाठवताना 'एचडी' निवडा. मूळ फाइलच पोचवायची असेल तर जोडणीच्या खुणेतून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. स्टेटसवर टाकून पुन्हा तिथूनच उचललेली क्लिप एडिटिंगला आणू नका, त्यात उरलेलं काही नसतं.

रंग उडालेले, चेहरे तेलकट चमकणारे दिसत असतील तर एचडीआर (उजळ आणि गडद भागांचा जास्त तपशील ठेवणारी पद्धत) तपासा. २०२० च्या आयफोन १२ पासून व्हिडिओ डॉल्बी व्हिजन एचडीआरमध्ये घेता येतो. त्याच फोनवर तो देखणा दिसतो, पण साध्या टीव्हीवर, जुन्या कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्याच्या स्वस्त फोनवर फिकट नाहीतर भडक. रेकॉर्ड व्हिडिओच्या पानावर 'एचडीआर व्हिडिओ' बंद करा. सॅमसंगमध्येही एचडीआरचा पर्याय व्हिडिओच्या प्रगत सेटिंगमध्ये मिळतो.

कॉम्प्युटरवर आवाज येतो पण चित्र काळं, तर फाइल एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत साठवायची नवी पद्धत) आहे आणि मशीन जुनं आहे. आयफोनवर 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा, अँड्रॉइडवर 'हाय एफिशियन्सी' बंद करा. फाइली जवळजवळ दुप्पट होतील हे धरून चाला.

आणि शेवटची, एडिटिंगवाल्यांना छळणारी: सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, आख्यान संपता संपता आवाज पुढे पळालेला असतो. फोनने अंधारात फ्रेमचा वेग बदलता ठेवल्याचा हा परिणाम. आयफोनवर 'ऑटो एफपीएस' बंद, सॅमसंगमध्ये त्याच नावाचा पर्याय असेल तर तोही बंद. आधीच घेऊन झालेली क्लिप असेल तर 'हँडब्रेक' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा, व्हिडिओच्या टॅबमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, फ्रेम २५ किंवा ३० द्या आणि नवी फाइल बनवा. मोठ्या आख्यानाला वेळ लागतो, रात्री लावून झोपलात तरी चालेल. एडिटिंग त्या नव्या फाइलवर करा, मूळ फाइल मात्र काम संपेपर्यंत पुसू नका.